तुरुंगाभोवतीचं जंगल

अंदमानला जाणारे बहुतेक जण पोर्ट ब्लेअरला एक रात्र देतात. दुपारी सेल्युलर जेल, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आणि पहाटे हॅवलॉक बेटाची बोट. आम्ही ठरवून शहरातच राहिलो. ताईला पक्षी बघायचे होते, तिच्या मुलाला जंगलात चालायचं होतं आणि मला तो तुरुंग घाईत उरकायचा नव्हता. शहराचं अधिकृत नाव 2024 पासून श्री विजय पुरम आहे, पण रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते.

गुरुवार

विमान खाली यायला लागलं आणि भाचा खिडकीला नाक लावून म्हणाला, "मावशी, शहर कुठाय?" खरंच दिसत नव्हतं. निळ्या पाण्यात गर्द हिरव्या टेकड्या, त्यांच्या कडेने पांढरी रेघ, आणि अगदी शेवटच्या वळणावर पत्र्याची लाल-निळी छपरं. वीर सावरकर विमानतळाची 2023 मध्ये सुरू झालेली नवी इमारत शिंपल्याच्या आकाराची आहे. बाहेर पडलं की लगेच चढ सुरू होतो. या शहरात सपाट रस्ता शोधावा लागतो.

इथे आल्यावर पहिल्यांदा सवय करून घ्यायची ती उजेडाची. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की डिसेंबरात पहाटे साडेपाचला सूर्य वर येतो आणि संध्याकाळी पाचला मावळतो. दुपारी चारनंतर काही बघायचं ठरवू नये. जंगलात तर नाहीच. आम्ही सामान टाकलं, जेवलो आणि कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्याकडे निघालो. वाटेत समुद्राकडे तोंड करून बसलेले जपानी सैन्याचे काँक्रीटचे बंकर दिसतात. 1942 च्या मार्चमध्ये जपान्यांनी बेटं घेतली ती 1945 पर्यंत सोडली नाहीत. स्थानिकांनी त्या काळात फार सोसलं. गाडीवाला भैया त्याबद्दल मोजकंच बोलला. त्याचे आजोबा 1918 नंतर रांचीकडून जंगलतोडीच्या कामासाठी आणलेल्या मजुरांपैकी. इथे त्या समाजाला आजही 'रांची' म्हणूनच ओळखतात. "जंगल हमने काटा, अब हमीं दिखाते हैं," तो म्हणाला, आणि पुढचे सगळे दिवस आम्ही त्याच्याच गाडीतून फिरलो.

किनारा छान होता. गर्दीचा होता. पुढे.

शुक्रवार

सेल्युलर जेल सोमवारी बंद असतो, हे लक्षात ठेवून बेत आखावा. आम्ही दार उघडायच्या वेळेला पोचलो आणि ते फार बरं झालं. पहिला तासभर आवारात माणसं कमी होती आणि पावलांचे आवाज ऐकू येत होते.

बांधकाम 1896 ते 1906 चाललं. मधोमध मनोरा आणि त्यातून निघालेल्या सात लांब तीनमजली इमारती. कोठड्या जवळजवळ सातशे, प्रत्येक कोठडीत एकच माणूस. रचना अशी की एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं दुसरीच्या पाठीकडे. समोरच्या कैद्याचा चेहरा आयुष्यात दिसणार नाही, याचा विचार करून कुणीतरी नकाशा काढला. लाल विटा ब्रह्मदेशातून आणल्या. आज सातांपैकी तीनच इमारती उभ्या आहेत. 1941 च्या भूकंपाने काही खचल्या, काहींच्या विटा जपान्यांनी नेल्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे 1963 मध्ये गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभं राहिलं.

भाच्याचं लक्ष एका गोष्टीने धरून ठेवलं, ती म्हणजे दाराची कडी. गजांच्या दाराला लोखंडी दांडा आहे आणि तो दाराजवळ अडकत नाही. तो भिंतीत शिरतो आणि दारापासून बरंच लांब, भिंतीतच कोरलेल्या खोबणीत त्याचं कुलूप बसतं. भाचा आत उभा राहिला, गजांतून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला, बोटं ताणली. खोबणीच्या कडेलाही बोटं लागेनात. त्याचे हात लांब आहेत, कॉलेजात बास्केटबॉल खेळतो. "म्हणजे त्यांनी मोजून केलंय हे," तो म्हणाला आणि नंतर बराच वेळ गप्प होता. आत हवेसाठी एक झरोका, जमिनीपासून सुमारे तीन मीटर उंच. त्यातून आकाशाची पट्टी दिसते, समुद्र दिसत नाही. सभोवार एवढा समुद्र असून.

सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला. 1911 मध्ये त्यांना इथे आणलं, 1921 मध्ये मुख्य भूमीवर परत नेलं. थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. मराठी माणसं इथे चपला काढून आत जातात, कुणी सांगितलेलं नसताना. आम्हीही काढल्या. एक वयस्कर बाई दाराशी बसून मोठ्याने 'ने मजसी ने' म्हणत होत्या. सूर लागत नव्हता आणि त्याची कुणालाच फिकीर नव्हती.

पण मला इथे येणाऱ्या मराठी माणसांना कळकळीने सांगायचं आहे की एका कोठडीवरून परत फिरू नका. मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार नावं कोरली आहेत, ती वाचा. बंगाल आणि पंजाबच्या याद्या संपता संपत नाहीत. बारींद्र घोष, उल्लासकर दत्त, गदर चळवळीतले शीख शेतकरी, नाशिक खटल्यातले वामनराव जोशी. 1933 च्या उपोषणात बळजबरीने दूध पाजताना जे गेले त्यांतले महावीर सिंग, मोहित मोइत्रा. आवारात तेलाचा घाणा मांडून ठेवला आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा आणि दिवसाला 30 पौंड खोबरेल निघालंच पाहिजे, नाही निघालं तर फटके. ताईने दांड्याला हात लावून पाहिला आणि काढून घेतला.

गच्चीवरून पूर्वेला रॉस बेट दिसतं आणि उत्तरेला खाडीपलीकडे एक लांबलचक हिरवा डोंगर, माथ्यावर ढग बसलेला. भैया म्हणाला, "वही माउंट हॅरिएट. संडे को." मी त्या डोंगराकडे बघत राहिले. 1906 पर्यंत सेल्युलर जेल पुरा झालेला नव्हता, तरी 1858 पासून हजारो कैदी इथे होते. त्यांना अडवून ठेवलं ते मुख्यतः पाण्याने आणि त्या जंगलाने. नुसता जेल बघून गेलं तर या जागेची अर्धी गोष्टच कळते असं मला वाटायला लागलं ते त्या गच्चीवर.

रात्रीचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम आवारातल्या पिंपळाच्या तोंडून सांगितला आहे. बघावा, पण दिवसा तुरुंग नीट बघितल्यानंतरच.

शनिवार

सकाळी चॅथम. एका लहानशा पुलावरून या बेटावर जाता येतं आणि जवळजवळ सगळं बेटच एक लाकूड गिरणी आहे. 1883 साली सुरू झालेली सरकारी गिरणी. रविवारी बंद असते, म्हणून शनिवार. फाटकातून आत गेल्यावर पहिल्यांदा वास येतो, ओल्या ताज्या लाकडाचा, जरासा गोडसर. पडौकचे ओंडके करवतीखाली जात होते आणि खाली पडणारा भुसा विटकरी लाल होता. पडौक हा आपल्याकडच्या बिबळ्याचा आणि रक्तचंदनाचा भाऊबंद. एकाच कुळीतली झाडं. कापलं की लाल डिंक पाझरतो तसाच.

पूर्वी हत्ती जंगलातून ओंडके ओढून किनाऱ्यापर्यंत आणत आणि तिथून ते पाण्यावरून इथे यायचे. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये या बेटांवरच्या व्यापारी तोडीवर कडक निर्बंध घातले, तेव्हापासून गिरणीचा कारभार आटोपशीर झाला आहे. कामगाराला विचारलं तर तो म्हणाला, काम कमी झालं पण जंगल राहिलं. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एका कोपऱ्यात 1942 मध्ये जपानी बॉम्ब पडून झालेला खड्डा राखून ठेवला आहे. त्यात आता पाणी आणि शेवाळ. शेजारच्या वनसंग्रहालयात लाकडांचे नमुने हाताळून बघता येतात. गर्जन, पडौक, चुगलम, कोको. मी प्रत्येक तुकडा उचलून वजन पाहिलं. दुसऱ्या दिवशी हीच झाडं उभी बघायची होती आणि त्यांची नावं हाताला ओळखीची झाली याचा फार उपयोग झाला. चॅथम आधी, जंगल नंतर, हाच क्रम ठेवावा.

दुपारी ॲबरडीन जेटीवरून रॉस बेटावर. बोट सुटायला वेळ होता म्हणून जवळच्या ॲबरडीनच्या लढाईच्या स्मारकापाशी गेलो. 17 मे 1859 ला ग्रेट अंदमानी लोकांनी धनुष्यबाण आणि भाले घेऊन ब्रिटिश वसाहतीवर हल्ला केला, आपली जमीन परत मिळवण्यासाठी. समोर बंदुका आणि जहाजावरच्या तोफा. स्मारकापाशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. सगळी रांग बोटींच्या तिकिटाला. तिथे दोन मिनिटं तरी थांबावं. या बेटांचे जे मूळ मालक होते त्यांच्या त्या समाजाची आज शंभर माणसंही उरलेली नाहीत.

रॉस, म्हणजे 2018 पासूनचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, बोटीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. बुधवारी बंद. इथून ब्रिटिशांनी 1858 पासून 1941 पर्यंत सगळ्या बेटांवर राज्य केलं. मुख्य आयुक्तांचा बंगला, चर्च, बेकरी, छापखाना, टेनिस कोर्ट, सगळं काही होतं. 26 जून 1941 च्या भूकंपाने इमारती हादरल्या, पुढच्या वर्षी जपानी आले, आणि ती माणसं परत कधी राहायला आली नाहीत.

मग झाडं आली. भिंतींच्या सांध्यांत पक्ष्यांनी टाकलेल्या वडा-उंबराच्या बिया रुजल्या आणि मुळं खाली उतरली. आज काही ठिकाणी विटा पडून गेल्या आहेत आणि भिंतीचा आकार धरून नुसती मुळं उभी आहेत, दाराची चौकट, खिडकीचा चौकोन सगळं शाबूत. मी एका खिडकीत हात घातला. एका बाजूला वीट, चुना, परत वीट. दुसऱ्या बाजूला मनगटाएवढं मूळ, खडबडीत आणि गार, विटांच्या थरांचे ठसे अंगावर घेतलेलं. मुंग्यांची रांग मुळावरून विटेवर आणि विटेवरून मुळावर चालली होती, त्यांना फरक नव्हता.

बेटावर चितळांचे कळप माणसांच्या हातून पोळी खातात. सगळे फोटो काढतात. ताईला ते आवडलं नाही आणि तिचं म्हणणं मला पटतं. चितळ इथलं नाहीच. ब्रिटिशांनी शिकारीसाठी आणून सोडलं. या बेटांवर वाघ-बिबट्या नसल्यामुळे ते वाढत गेलं आणि कोवळी रोपं खाऊन जंगलाला नव्याने उगवू देत नाही. "गोंडस दिसतंय म्हणून खायला घालायचं नसतं रे," तिने लेकाला सांगितलं. त्याने बिस्किटाचा पुडा परत पिशवीत टाकला.

रविवार

याच दिवसासाठी मी आले होते, हे आता कळतंय.

पहाटे साडेपाचला निघून चॅथमच्या धक्क्यावरून गाडीसकट फेरीत चढलो. पलीकडे बांबू फ्लॅट. बोटीत शाळेचे मास्तर, मासळीच्या टोपल्या, दुचाक्या. पाण्यावरून डोंगर जवळ येत गेला. पायथ्याशी होप टाऊन. 8 फेब्रुवारी 1872 ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो या डोंगरावरून सूर्यास्त बघून खाली उतरला आणि अंधारात इथल्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्याला भोसकलं. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय मारला गेल्याची ही एकच घटना. शेर अलीला महिन्याभराने व्हायपर बेटावर फाशी दिली.

चौकीवर नोंद, शुल्क, आणि चालण्यासाठी वनखात्याची परवानगी. सोबत एक वनरक्षक दिला. रस्ता वळणं घेत वर जातो. एका वळणावर भैयाने गाडी थांबवून पाकिटातून जुनी लालसर 20 रुपयांची नोट काढली आणि उलटी करून समोर धरली. माडांच्या आडून दिसणारी खाडी आणि पलीकडचा नॉर्थ बेचा दीपस्तंभ, नोटेवर तेच आणि समोर तेच. भाच्याने नोट पुढेमागे सरकवून किनारा जुळवला.

माथा साधारण पावणेचारशे मीटर उंच. हॅरिएट हे नाव 1860 च्या दशकात इथे अधीक्षक असलेल्या टायटलरच्या पत्नीवरून. 2021 मध्ये डोंगराचं नाव माउंट मणिपूर केलं, कारण इंग्रजांशी झालेल्या 1891 च्या युद्धानंतर मणिपूरचे महाराज कुलचंद्र सिंग आणि त्यांच्या साथीदारांना इथे हद्दपार केलं होतं. डोंगरातल्या राज्याची माणसं, या डोंगरावर आणून ठेवलेली. समोर चारी बाजूंनी समुद्र. त्यांना काय वाटत असेल याचा विचार मला चालताना अधूनमधून येत राहिला.

वरच्या ब्रिटिश बंगल्याचे आता चौथरे उरले आहेत. त्यांच्या मागून काला पत्थरची वाट सुरू होते, एका बाजूने दोन-अडीच किलोमीटर. चढ फार नाही. पण सह्याद्रीत चालणाऱ्याला इथे पहिल्या शंभर पावलांत जाणवतं की हे वेगळं प्रकरण आहे. आपल्याकडे चालताना उघड्यावरची कातळं, गवत, वारा असतो. इथे आकाशच नाही. गर्जनची खोडं सरळसोट वर जातात, पहिली फांदी कुठे फुटते ते मान मागे टाकून शोधावं लागतं. त्यांच्यावर जाडजूड वेली, खाली वेताची जाळी. वेताला आकड्यांसारखे काटे असतात आणि ते बाही पकडतात. झटका मारून सुटत नाही, थांबून एक पाऊल मागे जावं लागतं. वनरक्षकाने हे पहिल्यांदाच सांगून ठेवलं होतं. जमीन ओली, पानांचा थर मऊ, पावलाचा आवाज येत नाही.

आणि शांतता. ती वेगळी का वाटते ते ताईने सांगितलं. माकडं नाहीत. वाघ, बिबट्या, कोल्हा, काहीच नाही. ही बेटं मुख्य भूमीपासून इतकी लांब की मोठे सस्तन प्राणी इथवर पोचलेच नाहीत. रानडुक्कर, उदमांजर, वटवाघळं, उंदीर-चिचुंद्र्या, संपलं. त्यामुळे जंगलाचा सगळा आवाज पक्ष्यांचा आणि किड्यांचा. माकडांची धोक्याची हाक नाही. ज्या पक्ष्यांसाठी ताई आली होती त्यांतले कितीतरी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. तिने वहीत लिहिलेली नावं 'अंदमान' या शब्दानेच सुरू होत होती. अंदमान बुलबुल, अंदमान टकाचोर, अंदमान सर्पगरुड.

एका पडौकच्या बुंध्यापाशी आम्ही बसलो. आधारमुळं पंख्यासारखी पसरलेली, माझ्या डोक्याच्याही वर. दोन मुळांच्या मधल्या जागेत आम्ही तिघं मावलो. कालचा तो लाल भुसा डोळ्यांसमोर होता. सालीला हात लावला तर खपली निघाली आणि तिच्याखालून पोपटी रंगाची लहानशी पाल सुळकन निघून गेली, पाठीवर लाल ठिपके. दिवसा फिरणारी ही पालसुद्धा फक्त इथलीच.

तेवढ्यात ठकठक. थांबून परत ठकठक, जड आणि सावकाश. ताईने माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. वाळलेल्या खोडावर अंदमानचा काळा सुतार बसला होता. कावळ्याएवढा, अंगभर कुळकुळीत काळा, डोक्यावर कपाळापासून मागपर्यंत लालभडक तुरा. नर. तो एकेक ढलपी उडवत होता आणि ढलप्या पानांवर पडल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. त्याने बाजू बदलली, खोडामागे गेला, परत आला. ताईने दुर्बीण लावलीच नाही. गरजच नव्हती. उडून गेला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने पुसलंही नाही.

वाटेत वनरक्षकाकडून दूधनाथ तिवारीचा विषय निघाला. 1857 च्या बंडातला शिपाई, 1858 मध्ये रॉस बेटावर आणलेला. त्याच एप्रिलमध्ये इतर कैद्यांबरोबर तराफ्यावरून पळाला. त्यांना वाटत होतं की या जंगलातून चालत गेलं की ब्रह्मदेश लागतो. कुणाला ठाऊक नव्हतं की हे बेट आहे आणि पलीकडेही पाणीच आहे. भूक, तहान, आणि मग अंदमानी लोकांचे बाण. बहुतेक मारले गेले. जखमी दूधनाथला त्यांनी जिवंत ठेवलं आणि तो वर्षभर त्यांच्यात राहिला, तिथे त्याचं लग्नही झालं. आणि मे 1859 मध्ये, ॲबरडीनवर हल्ला होणार हे कळताच, तो पळत येऊन इंग्रजांना खबर देऊन मोकळा झाला. पुढे त्याला माफी मिळाली.

"गद्दार," भाचा म्हणाला. वनरक्षक म्हणाला, घरी जायचं होतं त्याला. मी दोघांचंही ऐकलं. काल त्या स्मारकापाशी उभी असताना मला त्याचा राग आला असता. आज त्या वेताच्या जाळीत, जिथे दहा पावलांपुढचं दिसत नाही, तिथे राग एवढा सोपा राहिला नाही. तरी त्या लोकांनी त्याला जीवदान दिलं होतं, आणि त्यांची माणसं बंदुकांसमोर गेली, हेही विसरता येत नाही.

काला पत्थर म्हणजे कड्यावरचा काळा खडक. इथून कैद्यांना खाली ढकलत असं सांगतात. खाली झाडांच्या शेंड्यांचा समुद्र आणि पलीकडे खरा. इथे पहिल्यांदा आकाश मिळालं. आम्ही डबे उघडले, पोळ्या आणि सुकी भाजी, वनरक्षकाने आपल्या डब्यातला माशाचा तुकडा भाच्याला दिला. पुढे ही वाट खाली मधुबनच्या किनाऱ्यापर्यंत जाते, पण त्याला पूर्ण दिवस हवा. आम्ही थोडं पुढे जाऊन परतलो.

जळवा होत्या. डिसेंबरात पाऊस पूर्ण थांबलेला नसतो. मोज्यांत पँट खोचून, बुटांना तंबाखूचं पाणी लावून गेलो होतो, त्यामुळे फार त्रास झाला नाही. लागलीच तर ओढू नये, नखाने तोंडाकडची बाजू सरकवून सोडवावी.

सोमवार

चिडिया टापू. शहरापासून पंचवीसेक किलोमीटर दक्षिणेला, रस्ता संपतो तिथे. किनाऱ्यावर सागरी महुआची उंच झाडं आहेत, त्यांच्या सावलीत वाळू गार राहते. जागोजागी मगरींच्या सूचना लावल्या आहेत आणि त्या मनावर घ्याव्यात. खारफुटीच्या खाडीत राहणाऱ्या या मगरी समुद्रातही येतात. पोहायचं तर जाळी लावलेल्या जागेतच.

किनाऱ्यावर मोठमोठी झाडं मुळांसकट आडवी पडली आहेत, उन्हापावसाने पांढरी पडलेली. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीची ही खूण, पण फक्त लाटेने केलेली नाही. त्या भूकंपात बेटांचा उत्तर भाग वर उचलला गेला आणि इकडे दक्षिण अंदमानची जमीन जवळजवळ मीटरभर खाली बसली. लाट आली आणि गेली, भरतीचं पाणी मात्र कायमचं आत शिरलं. भातशेती बुडाली, काठावरच्या झाडांच्या मुळांत खारं पाणी उभं राहिलं आणि ती उभ्या उभ्या वाळली. भैयाच्या मामाचं शेत असंच गेलं. शहराच्या पश्चिमेला सिप्पीघाटला आजही शेतांच्या जागी पाणथळ आहे. त्या पाण्यात आता बगळे आणि रानबदकं येतात, असं ताईने आधी वाचलं होतं. भैयासमोर तिने ते बोलायचं टाळलं.

इथून मुंडा पहाडची वाट, दीडेक किलोमीटर, किनाऱ्याच्या कडेकडेने चढत जाणारी. रविवारच्या मानाने सोपी. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला झाडांमधून समुद्र. मुळांच्या पायऱ्या झालेल्या आहेत. भृंगराज शेपटीच्या दोन लांब पिसांना हेलकावे देत आमच्या पुढेपुढे उडत होता. संध्याकाळी उशिरा वर सोडत नाहीत, त्यामुळे माथ्यावरून सूर्यास्त बघण्याची आशा धरू नये. आम्ही तीनला खाली आलो आणि किनाऱ्यावरूनच बघितला. पाचला पाच मिनिटं कमी असताना सूर्य गेला.

मंगळवार

सकाळी ॲबरडीन बाजारात चहा, घड्याळाच्या मनोऱ्याखाली. एका दुकानात बंगाली, दुसऱ्यात तमिळ, तिसऱ्यात तेलुगू, आणि एकमेकांशी सगळे हिंदीत. भाच्याला मित्रांसाठी शंख न्यायचे होते. किनाऱ्यावरून काहीही उचलायचं नाही, आणि प्रवाळ तर बेटांबाहेर नेताच येत नाही. विमानतळावर सामान तपासतात. शंख-शिंपले घ्यायचेच तर परवानाधारक दुकानातून पावतीसह घ्यावेत. त्याने चॅथमच्या पडौकचं पेन स्टँड घेतलं.

विमानतळाकडे जाताना भैयाने पाच मिनिटं मागितली आणि गाडी गोविंद वल्लभ पंत रुग्णालयाच्या फाटकाशी उभी केली. आईची औषधं घ्यायची होती. फाटकाबाहेर शहाळीवाला, केस पेपर हातात घेतलेली माणसं, कडेवर मूल घेतलेली बाई. पाडलेल्या कोठड्यांची जागा. भैया औषधांची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, माझाही जन्म इथलाच.

निघायच्या आधी ताईने वनरक्षकाला फोन करून मधुबनच्या पूर्ण वाटेचं विचारून घेतलं. फेब्रुवारी-मार्च बरा, पाऊस नसतो, जळवाही कमी. परवानगी आधी काढावी, दोन लिटर पाणी प्रत्येकी, आणि उजाडताच चालायला लागावं म्हणजे दुपारी तीनच्या आत किनाऱ्याला लागता येतं.